घरी पोचवण्याचं कलम

“याचं उत्तर आहे तुमच्याकडे?” कमिशनर साहेबांनी विचारलं आणि फाईल टेबलावरून माझ्याकडे सरकवली.

मी अमरावतीला त्यांच्या समोर उभा होतो. कोटावर प्रवासाची धूळ होती आणि हातात टोपी. सरहद्दीवरच्या निर्वासितांच्या छावणीचे नियम बदलावेत, ही विनंती घेऊन मी आलो होतो. साहेबांनी उघडलेल्या पानावर, हे नियम असेच का असले पाहिजेत, हे सांगणारी सात कलमांची नोट होती. टाईप केलेली. समास सरळ, मुद्दे क्रमानं, कुठे बोट घालायला जागा नाही.

नोट मीच लिहिलेली होती.

मी तेव्हा अकोल्याला एका सरकारी कचेरीत अव्वल कारकून होतो. वऱ्हाड मध्यप्रांतात होतं आणि पैनगंगेपलीकडे निजामाची हद्द सुरू व्हायची. आम्ही तिला मोगलाई म्हणत असू. नदी फार मोठी नाही. हिवाळ्यात गुडघाभर पाण्यातून पार होते. पलीकडे दंगाधोपा वाढला तशी माणसं डोक्यावर गाठोडी घेऊन अलीकडे येऊ लागली. शेतकरी आले, माळी आले, शिंपी आले, एक शाळामास्तर आपल्या शाळेची घंटा घेऊन आला. आमच्या बाजूला एका गावाशेजारी गुरांच्या बाजाराचं मैदान होतं. तिथे आंब्यांखाली छावणी उभी राहिली.

सरकारची अडचण वेगळीच होती. या माणसांना कोणता नियम लावायचा? आमच्याकडे पुराचे नियम होते, प्लेगचे होते, टोळधाडीचेही होते. शेजारच्या मुलखातून जीव वाचवून आलेल्या माणसांचे नव्हते.

“वामनराव, वरून सारखी विचारणा येते आहे,” आमचे सुपरिंटेंडेंट म्हणाले. “काहीतरी ड्राफ्ट करा.”

मी कपाटातून फॅमिन कोड काढलं. फॅमिन कोड म्हणजे दुष्काळात सरकारनं कसं वागायचं याचं पुस्तक. त्यातली मुख्य युक्ती अशी की धान्य फुकट द्यायचं नाही. कठीण काम ठेवायचं, बहुधा गिट्टी फोडायचं, आणि त्याबद्दल पोटापुरतं धान्य द्यायचं. ज्याच्या घरी दाणे असतील तो असल्या कामावर टिकणार नाही, आपल्या घरी जाईल. जो टिकेल तो खरा गरजू. म्हणजे गरजू कोण हे सरकारला शोधत बसावं लागत नाही, दगडच शोधून देतो. याला कसोटीचं काम म्हणत.

मला ही युक्ती फार आवडायची. ज्यानं कधी गिट्टी फोडलेली नाही त्याला ती आवडतेच.

मी एकाच बैठकीत नोट लिहिली. लिहिली म्हणजे काय, जिथे ‘दुष्काळपीडित’ होतं तिथे ‘निर्वासित’ घातलं. धान्य कामाच्या बदल्यात. हजेरी सूर्योदयाला आणि दिवेलागणीला, कुटुंबप्रमुखानं स्वतः उभं राहून द्यायची, दुसऱ्यानं ‘हजर’ म्हटलेलं चालणार नाही. तीन खाडे झाले की कुटुंबाचं नाव कटलं. स्वतःचा धंदा करणारा गरजू नाही, त्याचंही नाव कटलं. औषधपाणी आणि दाई फक्त हजेरीतल्यांना. हे सगळं वाचायला जरा कडक वाटेल म्हणून मी सहावं कलम घातलं. त्याचा मला विशेष अभिमान होता. ज्यांचं नाव कटेल त्यांना वाऱ्यावर सोडू नये. वाटेपुरता शिधा द्यावा आणि सोबत शिपाई देऊन तीन दिवसांच्या आत त्यांच्या घरी पोचवावं. कोडमध्ये असंच होतं. मला वाटलं, केवढी माणुसकी!

बायकोला मी नोट वाचून दाखवली. कंटाळा आला की ती पदराचं टोक दुमडते. तिसऱ्या कलमाला तिनं ते दुमडायला घेतलं.

“तुम्ही पाहून आलात का त्या माणसांना?” तिनं विचारलं.

“ड्राफ्ट करायला माणसं पाहावी लागत नाहीत,” मी म्हणालो.

नोट आठ दिवसांत मंजूर होऊन आली. समासात कुणीतरी लाल पेन्सिलीनं ‘अतिशय लूसिड’, म्हणजे अगदी स्वच्छ नि सुबोध, असा शेरा मारला होता. मी तो शेरा दोन वेळा काही कारण नसताना फाईल मागवून पाहिला. मग आणखी एक कागद आला. ज्यानं नियम सुचवले त्यालाच ते राबवण्यासाठी छावणीवर पाठवावं, असा हुकूम होता. सुपरिंटेंडेंट साहेबांनी माझं अभिनंदन केलं. ते हसत का होते हे मला तिथे पोचल्यावर कळलं.

छावणीत पर्वताबाई नावाची एक माळीण होती. वय पन्नाशीचं, बोलायला फटकळ. पलीकडे तिचा भाजीपाल्याचा मळा होता. तो, घर, बैल, सगळं टाकून ती मुलगा किसन आणि सून यांना घेऊन आली होती. सुनेला सातवा होता. दिवसभर ही दोघं मायलेकं गिट्टी फोडायची आणि पर्वताबाई फोडता फोडता दगडाला शिव्या द्यायची.

गावातले नारायणराव पाटील हे काळ्या जमिनीचे जुने खातेदार. त्यांच्या विहिरीजवळ एक पट्टा पडीक होता. पर्वताबाईनं तो पाहिला आणि कसायला मागितला. पाटील म्हणाले, “वाहा बाप्पा. पन माहे बैल दिवसभर माह्या कामाले लागतात. मोट हाकाची त दिस निघाच्या आंधी हाका.”

तसं सुरू झालं. पहाटे किसन मोट हाकायचा, पर्वताबाई वाफ्यात पाणी वळवायची, मग दोघं धावत हजेरीला यायची. महिन्याभरात मेथी आली. आठवडी बाजारात ती बसली. मीही तिच्याकडूनच मेथी घ्यायचो. माझा स्वयंपाकी म्हणायचा, अशी मेथी अकोल्यातही मिळत नाही. मी मान डोलवायचो. ही मेथी कुठून येते आणि कोणत्या वेळच्या पाण्यावर येते, हा विचार माझ्या डोक्यात आला नाही. मी नियम करणारा माणूस, मला भाजीतलं काय कळणार?

थंडी वाढली. पहाटे बैलही उशिरा मोकळे मिळू लागले, कारण ते सोडणारा पाटलांचा गडी थंडीत उठेना. मायलेकांना हजेरीला पोचायला वेळ होऊ लागला. सून रांगेत उभी राहून सांगायची की ती मळ्यात आहेत. पण दुसऱ्यानं सांगितलेलं चालत नव्हतं. मुकादमानं तीन खाडे मांडले, खाली ‘स्वतःचा धंदा’ असंही लिहिलं, आणि वही माझ्यापुढे सहीला ठेवली.

मी सही केली. हे मी लपवत नाही. सही करताना मला वाईट वाटलं, हे सांगण्याचा मोह होतो आहे. पण खरं म्हणजे त्या वेळी मी जेवायला उशीर होतो आहे या विचारात होतो. आणि जेवायला काय होतं हे तुम्ही ओळखलंच असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी पर्वताबाई माझ्या राहुटीसमोर येऊन उभी राहिली.

“सायेब, माहं नाव काहून कापलं?”

“तीन खाडे झाले, बाई.”

“मी काई पळून नाई गेली. मेथीले पानी देऊन राहिली होती.”

“तेच तर. तुमचा धंदा सुरू झाला. नियमाप्रमाणे तुम्ही आता गरजू नाही.”

“चार वाफे मेथीवर तीन मानसं जगतात काय गा?” तिनं विचारलं. “दगड फोडला त जवारी देता, अन् मेथी पेरली त हाकलून देता. हे कोनं लिवलं?”

इथे मी खरं बोलू शकलो असतो. जवळपास कुणी नव्हतं.

“वरून हुकूम आला आहे,” मी म्हणालो.

तिनं खरोखरच वर पाहिलं. “वर त कावळा बसला हाये.”

मी फाईल चाळल्यासारखं केलं.

“बरं, आता आमी जाचं कोठी?”

“त्याची काळजी करू नका,” मी उत्साहानं म्हणालो, कारण आता माझं सहावं कलम आलं होतं. “वाटेचा शिधा मिळेल. सोबत शिपाई येईल. तीन दिवसांत तुम्हाला सुखरूप घरी पोचवतील.”

तिनं मान वळवून नदीकडे पाहिलं. मीही पाहिलं. आणि माझं लूसिड डोकं त्या क्षणी पहिल्यांदा चाललं.

दुष्काळातला माणूस घर सोडून कामावर येतो तेव्हा त्याचं घर मागे तसंच उभं असतं. काम नको झालं तर तो परत जातो. कोडची सगळी युक्ती त्या घरावर उभी होती. या माणसांचं घर नदीपलीकडे होतं, आणि घरातूनच ती जीव घेऊन पळाली होती. मी शिपाई आणि शिधा देऊन त्यांना तिथेच परत पोचवणार होतो. सगळ्या नोटेत दयेचं म्हणून एकच कलम होतं, आणि माणूस मारायचा तर ते एकटं पुरेसं होतं.

“सुनेले नववा लागला हाये, सायेब,” एवढंच म्हणून पर्वताबाई निघून गेली.

तिथल्या तिथे मी ती सही रद्द करायला हवी होती. पण मंजूर झालेला नियम मोडायचा अधिकार मला नव्हता, आणि पेन्शनला अजून काही वर्षं होती. मी सरकारी माणसाला सुचतं ते केलं. मुकादमाला ‘मी येईपर्यंत थांबा’ असं तोंडी सांगितलं आणि अकोल्याला निघालो. लेखी दिलं नाही. लेखी दिलं असतं तर माझ्या सहीनं नियम थांबवल्याचा पुरावा झाला असता.

अकोल्याला सुपरिंटेंडेंट म्हणाले, “मंजूर पॉलिसी आहे, वामनराव. आता फक्त कमिशनर साहेब काही करू शकतील. तेही करणार नाहीत.” म्हणून मी बडनेऱ्यावरून अमरावती गाठली. एक दिवस प्रवासात गेला, दुसरा साहेबांच्या व्हरांड्यात बसण्यात. तिसऱ्या दिवशी सकाळी मला आत बोलावलं.

आणि साहेबांनी फाईल पुढे सरकवली.

“साहेब,” मी सुरुवात केली, “कलम तीनमध्ये सूर्योदयाची हजेरी आहे. ज्यांना पाणी—”

“हजेरी ढिली केली तर मुकादम खोटी नावं घुसवतात. इथे लिहिलंय. बरोबर आहे की नाही?”

बरोबर होतं. मीच लिहिलं होतं.

“स्वतःची शेती करणाऱ्याला धान्य दिलं तर बाकीचे मागणार नाहीत का?”

“मागतील.”

“मग? हा माणूस प्रत्येक शंकेचं उत्तर देऊन बसलाय.” साहेब पान उलटत म्हणाले. “कुणी लिहिलंय कोण जाणे, पण ज्यानं लिहिलं त्याला माणसं कळतात. तुम्ही छावणीत राहून हळवे झालात. लांबून पाहणाऱ्यालाच नीट दिसतं.”

मी आणखी दोन मुद्दे काढले. दोन्ही माझ्याच नोटेनं खोडून काढले. एका जागी तर मला मनात कौतुकही वाटलं की वाक्य काय जमलंय! इतका मूर्ख माणूस त्या खोलीत त्या दिवशी दुसरा नव्हता.

तिसरा दिवस होता. शिपाई तिकडे निघायच्या तयारीत असेल.

“साहेब, ती नोट माझी आहे,” मी म्हणालो.

साहेबांनी चष्मा काढला. “तुमची? मग तेव्हा तुम्ही चुकला होतात की आता चुकताय?”

“तेव्हा मी अकोल्यात होतो, साहेब.”

मी बोलत राहिलो. “ते सगळं फॅमिन कोडमधून उचललंय. मी फक्त शब्द बदलले. कोडमधल्या माणसाला घर असतं. नको झालं की तो घरी जातो. या माणसांना आपण नको म्हटलं तर सहाव्या कलमानं आपण त्यांना नदीपार पाठवतो. एक गरोदर बाई आज जाणार आहे. नाव कटायची सही माझीच आहे.”

साहेबांनी सहावं कलम पुन्हा वाचलं. मग आणखी एकदा.

“हे मी पण मंजूर केलं होतं,” ते हळूच म्हणाले. “हे सगळं लिहून द्या. नोट कुठून उचलली, छावणी न पाहता लिहिली, सगळं. तुमच्या सहीनं. त्याशिवाय मला वर काही मागता येणार नाही. आणि त्यानंतर तुमच्या बढतीचं काय होईल ते मी सांगू शकत नाही.”

“लिहितो. पण आजचं, साहेब?”

“छावणीजवळ तारघर आहे?”

“नाही. तालुक्याच्या गावी आहे. तार तिथून माणूस घेऊन जाईल.”

साहेबांनी तार लिहून दिली. ती छावणीवर केव्हा पोचणार हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. मी तिथेच बाकावर बसून माझी दुसरी नोट लिहिली. पहिलीपेक्षा ती फार वाईट झाली. खाडाखोड, मुद्दे मागेपुढे. लूसिड असं तिच्यात काही नव्हतं.

चौथ्या दिवशी दुपारी मी छावणीवर पोचलो. पर्वताबाईच्या झोपडीत काही नव्हतं. चूल मोडलेली होती. हजेरीवहीत तिच्या नावापुढे ‘रवाना’ लिहिलं होतं.

“मी थांबा म्हटलं होतं ना!” मी मुकादमावर ओरडलो.

“तुमी बोलले होते, साहेब. कागद त नव्हता,” तो म्हणाला. त्याची चूक नव्हती. मीच लिहिलेल्या नोटेत तोंडी हुकूम ग्राह्य धरू नये असं होतं.

तार माझ्यानंतर तासाभरानं आली. तोवर मी नदीच्या वाटेला लागलो होतो. तिथे जाऊन मी काय करणार होतो, ते मला आजही सांगता येत नाही. वाटेत नारायणराव पाटील समोरून आले.

“वामनराव, कोठी पळून राहिले? आंघोळीले?”

“पाटील, पर्वताबाईला पलीकडे नेलं?”

“कोन नेते?” पाटलांनी तंबाखू थुंकली. “तुमचा शिपाई आला होता त्याईले घेऊन, गाडीरस्त्यानं. म्या इचारलं, काय हुकूम हाये? थो म्हने, घरी पोचवून पोच घ्याची. म्हटलं, दाखव कागद. कागदात मोगलाई लिवली नाई, नदी लिवली नाई. म्हटलं, यायचं घर माह्या मळ्यातला कोठा. चाल, पोचवून दे, मी पोच देतो. थो बी खुश. त्याले थंडीत नदीत उतराचं नव्हतं.”

मी वाटेवरच शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसलो.

“अन् शिधा बी सोडला नाई म्या,” पाटील म्हणाले. “सरकारी हाये म्हटलं, मोजून घेतला. आता उठा. काल रात्री सून मोकळी झाली. पोरगी हाये. तुमची दाई बोलावली होती आमी, पन ते म्हने नाव कटलेल्या बाईकडे मले येता येत नाई. मंग आमच्या मंडळीनंच केलं.”

दाईचं ते पाचवं कलम. मी उठलो.

कोठा म्हणजे गुरं बांधायची जागा. अर्ध्यात बैल होते, अर्ध्यात पर्वताबाईनं शेणानं सारवून, पाल लावून सुनेची बाज टाकली होती. बाहेर ती मेथी निवडत बसली होती. मला पाहून उठली नाही.

“पर्वताबाई,” मी म्हणालो, “तो हुकूम वरून आला नव्हता. तो मी लिहिला होता.”

“मले मालूम होतं.”

“कसं?”

“तुमी वर म्हटलं अन् खाली पाह्यलं.” तिनं एक जुडी बांधून बाजूला ठेवली. “मले वाटलं, हा मानूस सांगन आता. मंग तुमी गावालेच निंगून गेले.”

मी तिला अमरावतीचं सगळं सांगितलं. नियम बदलतील, नाव पुन्हा लागेल, कबुली लिहून दिली आहे. सांगता सांगता माझ्याच कानाला ते शिफारसपत्रासारखं ऐकू येऊ लागलं, तेव्हा मी थांबलो.

“चांगलं केलं,” ती म्हणाली. “बाकीच्या बायाईले सोय होईन. मले नोका लावू नाव. आता मी सकाऊन उठून कोनापुढं उभी नाई रायत.”

सुधारलेले नियम नवव्या दिवशी आले. हजेरी आठवड्यातून एकदा. शेती किंवा धंदा केल्यामुळे नाव कटणार नाही. दाई सगळ्यांना. सहावं कलम पूर्ण रद्द. छावणीतल्या बऱ्याच कुटुंबांनी आसपासच्या मळ्यांत काम धरलं. मी ज्या एका कुटुंबासाठी अमरावतीला गेलो होतो, ते सोडून बाकी सगळ्यांना माझ्या धावपळीचा उपयोग झाला. त्या कुटुंबाला पाटलांनी वाचवलं, तेही माझ्याच सहाव्या कलमाची पळवाट काढून. बढती अर्थातच हुकली. ती हुकली नसती तर मला जास्त अवघड गेलं असतं.

अजूनही मला अधूनमधून नियमांचे मसुदे करावे लागतात. आता मी आधी एक प्रश्न वेगळ्या कागदावर लिहितो: या नियमानं ज्याला दारातून परत पाठवायचं, तो माणूस जाईल कुठे? उत्तर सापडलं नाही तर मी छत्री घेऊन ती जागा आणि ती माणसं पाहून येतो. त्यात दिवस मोडतात. माझ्या कामाचा वेग कमी झाला असून किरकोळ बाबींसाठी मी विनाकारण दौरे काढतो, असं साहेबांनी गेल्या वर्षीच्या अहवालात लिहिलं आहे. ते खरं आहे. मी त्याखाली सही करून दिली.